परक्या लेकरांचा बाप : संत गाडगेबाबा

आपल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजातील झिंगराजी व सखुबाई यांच्या पोटी डेबूजीचा जन्म झाला. बाप दारूपायी लवकर गेला. माय पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाची गुरं राखता राखता डेबू मोठा झाला. शाळा काही नशिबी आली नाही.

१९०५ साली बायको-लेकरं मागे ठेवून त्यांनी घर सोडलं. हाती खराटा, सोबत गाडगं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून दारू सोडा, कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हेच सांगायचं. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. कीर्तन थांबलं नाही.

स्वतःच्या लेकराजवळ त्यांना राहता आलं नाही. पण परक्या लेकरांसाठी त्यांनी छप्पर उभं केलं. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कुणी थारा देत नसे, म्हणून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. तीच इमारत १९४९ साली विद्यार्थी वसतिगृहासाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मोबदला काहीच घेतला नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबा गेले. शाळा न पाहिलेल्या या माणसाचं नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे. बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतलं एकही पोर शाळेबाहेर राहू नये, हीच त्यांना खरी आदरांजली.