फादर कुरियाकोस चावरा

फादर कुरियाकोस एलियास चावरा ह्यांचा जन्म इ. स. १८०५ मध्यें केरळांतील कैनकरी गांवीं झाला. १८४६ सालीं त्यांनीं मन्नानम येथें संस्कृत शाळा काढिली. पुढें १८६४ सालीं, व्हिकर जनरल असतां, प्रत्येक पॅरिशनें चर्चशेजारीं शाळा काढावी, अशी आज्ञा त्यांनीं केली. आज्ञा करणें सोपें; पण उपाशी मूल अक्षरें कशीं गिरविणार? मध्यान्हीं जेवण हवें, आणि त्यास द्रव्य कोठलें? तेव्हां रोज भात शिजवितांना गृहिणीनें एक मूठ तांदूळ बाजूस काढावा, अशी 'पिडियरी'ची चाल त्यांनीं रूढ केली. आपल्याकडील मुष्टिफंडच तो! मूठ लहान खरी, पण घरें पुष्कळ. अस्पृश्य गणलेल्यांचींही मुलें ह्या अन्नावर शिकलीं. ३ जानेवारी १८७१ रोजीं कूनम्माव येथें ते निवर्तले. २०१४ सालीं त्यांस संतपद मिळालें.