धातूचा स्वभाव जाणणारे योहान बाउशिंगर

लोखंडी तार एकदा वाकवली तर ती तुटत नाही. मात्र त्याच जागी उलटसुलट वाकवत राहिल्यास थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा विस्तार होऊ लागला, तेव्हा या साध्या अनुभवाने भयंकर रूप धारण केले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. धडधाकट दिसणारे आस का तुटतात, याचा पद्धतशीर शोध जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी घेतला. तुटण्याआधी धातूच्या गुणधर्मांत होणारे सूक्ष्म बदल मोजले ते योहान बाउशिंगर यांनी.

बाउशिंगर यांचा जन्म ११ जून १८३४ रोजी न्युरेंबर्ग येथे झाला. फ्यूर्थ येथे अध्यापन केल्यानंतर १८६८ मध्ये ते म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत यामिकीचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी पदार्थांच्या चाचणीसाठी प्रयोगशाळा उभारली. लुडविग वेर्डर यांनी घडवलेले शंभर टन क्षमतेचे यंत्र तिचा आधार होते. ताणलेल्या सळईची सूक्ष्म लांबी मोजण्यासाठी बाउशिंगर यांनी आरशांचे उपकरण तयार केले. सळई किंचित लांबली की तिला टेकलेले छोटे रूळ फिरत, त्यांच्यासोबत आरसे कलत आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या मोजपट्टीवरील आकडा बदलत असे.

या उपकरणाने एक विलक्षण गोष्ट उघड केली. लोखंडाची सळई स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे ताणली, तर तिची ताण सोसण्याची मर्यादा वाढते. पण तीच सळई नंतर दाबली, तर ती पूर्वीपेक्षा कमी भारालाच कायमची आकसू लागते. म्हणजे एका दिशेने मिळालेले बळ दुसऱ्या दिशेने गमवावे लागते. १८८६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष सविस्तर मांडले. आज हा गुणधर्म बाउशिंगर परिणाम म्हणून ओळखला जातो. ताण आणि दाब आलटूनपालटून देत राहिल्यास या दोन्ही मर्यादा ठरावीक जागी स्थिरावतात आणि भार त्यांच्या आत राहिला, तर धातू दीर्घकाळ टिकतो, असेही त्यांनी दाखवले.

प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत वेगळी असेल तर निष्कर्षांची तुलना कशी करायची, हा प्रश्नही त्यांना जाणवत होता. म्हणूनच १८८४ मध्ये त्यांनी म्युनिक येथे तज्ज्ञांची परिषद भरवली. पदार्थ चाचणीच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची ती सुरुवात ठरली. २५ नोव्हेंबर १८९३ रोजी म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले.

धातू असे का वागतो, याचा उलगडा मात्र त्यांच्या हयातीत झाला नाही. स्फटिकरचनेतील सरकत्या दोषांची कल्पना १९३४ मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी मांडली गेली. हे दोष अडथळ्यांपाशी साचतात आणि भाराची दिशा उलटताच सहज मागे सरकतात. हे वर्तन गणितात बसवताना विल्यम प्रागर यांनी मर्यादेची चौकट जागेवर मोठी न होता सरकते, असे मानले. १९६६ मध्ये आर्मस्ट्राँग आणि फ्रेडरिक यांनी त्या सरकण्याला मागील भारांची स्मृती हळूहळू पुसली जाण्याची जोड दिली. विमानाच्या इंजिनातील पाती किंवा भूकंपात मागेपुढे हेलकावणारी पोलादी चौकट किती आवर्तने सोसेल, याचा अंदाज आज संगणकावर बांधला जातो. त्या आकडेमोडीच्या मुळाशी म्युनिकच्या प्रयोगशाळेतील आरशांनी टिपलेली ती सूक्ष्म हालचाल आहे.