शत्रू गेला, सोबत सुटली

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एका बाजूने लढले. हिटलरचा पाडाव दोघांनी मिळून केला. आणि मग दोन-तीन वर्षांतच हे दोन देश एकमेकांवर डोळे वटारून उभे राहिले, ते पुढची चाळीस वर्षं. शाळेच्या पुस्तकात ‘शीतयुद्ध’ या एका शब्दात हे सगळं उरकलं जातं. पण कालचे सोबती आज वैरी का होतात, हा प्रश्न राहतोच. तो समजून घ्यायचा तर एलिनॉर रूझवेल्टचं आयुष्य पाहावं. कारण ती सोबत तिने स्वतःच्या घरातून पाहिली आणि ते वैर सभागृहात समोरासमोर बसून अनुभवलं.

एलिनॉरचा जन्म ११ ऑक्टोबर १८८४चा, न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत घराण्यातला. आई देखणी, मुलगी मात्र साधी आणि बुजरी. आठव्या वर्षी आई घटसर्पाने गेली आणि दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत दारूच्या आहारी गेलेले वडीलही गेले. आजीने वाढवलं. पंधराव्या वर्षी तिला लंडनजवळच्या शाळेत पाठवलं. तिथल्या मुख्याध्यापिका मारी सूव्हेस्त्र यांनी या बुजऱ्या मुलीला स्वतःचं मत असायला शिकवलं.

१९०५ मध्ये दूरच्या नात्यातल्या फ्रँकलिन रूझवेल्टशी तिचं लग्न झालं. सहा मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. सासूबाई मोठ्या कर्तबगार. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दोन जोडघरं बांधली, एक स्वतःसाठी आणि एक मुलासाठी. मजल्यामजल्यावर मधे दारं. सासू केव्हा कुठल्या दारातून येईल, याचा नेम नसे!

१९१८ मध्ये नवऱ्याचं सामान आवरताना तिच्या हाती काही पत्रं लागली. तिच्याच सेक्रेटरीची, ल्युसी मर्सरची, नवऱ्याला लिहिलेली. तिने घटस्फोटाची तयारी दाखवली. पण मुलं, सासूचा विरोध आणि नवऱ्याचं राजकारण या सगळ्यात लग्न टिकलं. टिकलं ते दोन भागीदारांसारखं. १९२१ मध्ये फ्रँकलिनला पोलिओ झाला, पाय गेले. त्याच्या वतीने एलिनॉर सभांना जाऊ लागली, खाणी, वस्त्या, इस्पितळं पाहून त्याला सांगू लागली. १९३३ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. दोन माणसं गरजेपोटी एकत्र राहतात तेव्हा कुठली जखम झाकली जाते आणि कुठली तशीच राहते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता देशांचं पाहू. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचं युद्धाआधी कधीच जमलं नव्हतं. १९१७च्या क्रांतीनंतर सोळा वर्षं अमेरिकेने त्या सरकारला मान्यताच दिली नव्हती. १९३९ मध्ये तर स्टॅलिनने हिटलरशीच करार केला. पण २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर हल्ला केला, डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि दोघं एका बाजूला आले. आपल्याकडे गावात पूर आला की एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊबंदही एका दोराला धरून उभे राहतात ना, अगदी तसं.

१९४२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये एक पाहुणी आली. ल्युदमिला पावलिचेन्को, रशियन फौजेतली नेमबाज, वय जेमतेम सव्वीस. ३०९ शत्रुसैनिक टिपल्याची नोंद तिच्या नावावर होती. अमेरिकेचे वार्ताहर तिला विचारत होते ते पावडर-लिपस्टिकबद्दल आणि गणवेशाच्या स्कर्टच्या लांबीबद्दल! एलिनॉरला मात्र ही मुलगी आवडली. देशभर फिरून लोकांना आपली हकिगत सांग, असं तिनेच सुचवलं. पावलिचेन्को गावोगावी एकच मागणं मागत होती. आम्ही एकटे लढतोय, पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा.

ती मोठी आघाडी फ्रान्समध्ये उघडली ६ जून १९४४ला. तोवर दोन वर्षं गेली होती. अमेरिकेने रशियाला ट्रक, विमानं, धान्य, बूट असं सुमारे ११०० कोटी डॉलरचं सामान पाठवलं, हे खरं. पण युद्धाअखेर हिशेब मांडला तेव्हा रशियाची सुमारे पावणेतीन कोटी माणसं गेली होती आणि अमेरिकेची सुमारे चार लाख. रशियाला वाटलं, रक्त आमचं सांडलं. अमेरिकेला वाटलं, आमच्या मदतीशिवाय हे तगले असते का? पहिली अढी इथे पडली.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन भेटले. एलिनॉरला बरोबर जायचं होतं. नवऱ्याने तिच्याऐवजी मुलीला, ॲनाला नेलं. तिथे पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका घ्यायचं ठरलं, पण त्या तशा झाल्याच नाहीत. १२ एप्रिलला फ्रँकलिन गेला. शेवटच्या दिवसांत ल्युसी त्याच्याजवळ होती, हे एलिनॉरला त्याच्या मृत्यूनंतर कळलं. दुःख आणि अपमान एकाच दिवशी गिळून तिने अंत्यसंस्कार पार पाडले.

मे महिन्यात जर्मनी शरण आला. पूर ओसरला. आणि पूर ओसरला की काय होतं, ते शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला सांगायला नको. बांधाचा जुना वाद पुन्हा सुरू होतो. पुराने तो मिटवलेला नसतो, नुसता थांबवलेला असतो. त्यात बांधच वाहून गेला असेल तर तो आणखी पेटतो. युरोपात नेमकं तेच झालं होतं. जर्मनी आणि जपान जमीनदोस्त झालेले, ब्रिटन आणि फ्रान्स थकलेले. मधली सगळी जागा रिकामी आणि ती भरायची ताकद फक्त दोघांकडे.

तीस वर्षांत दोनदा जर्मन फौजा रशियावर चालून आल्या होत्या. म्हणून शेजारच्या देशांत आपल्या मर्जीतली सरकारं हवीत, असा स्टॅलिनचा हट्ट होता. त्याला ते कुंपण वाटत होतं. अमेरिकेला तेच गिळंकृत करणं वाटलं, आणि त्या देशांतल्या लोकांनी ते सोसलंही. दुसरीकडे अमेरिकेने अणुबॉम्ब बनवला, पण सोबत्याला नीट विश्वासात घेतलं नाही. अमेरिकेला ते संरक्षण वाटलं, रशियाला धमकी. एकाची सुरक्षितता ती दुसऱ्याची भीती, असं हे दुष्टचक्र. १९४९ मध्ये रशियानेही अणुबॉम्बची चाचणी केली.

विधवा झालेली एलिनॉर आता घरी बसेल, असं अनेकांना वाटलं. पण नवे अध्यक्ष ट्रूमन यांनी तिला संयुक्त राष्ट्रसंघात पाठवलं. शिष्टमंडळात ती एकटीच बाई. पुरुष सहकाऱ्यांनी तिला सामाजिक प्रश्नांच्या समितीत बसवलं, तिथे बाई काय बिघडवणार या हिशेबाने! पण १९४६च्या सुरुवातीला लंडनमध्ये पहिली मोठी ठिणगी याच समितीत पडली. जर्मनीतल्या छावण्यांत लाखो निर्वासित अडकले होते. रशियाचं म्हणणं होतं, त्यांना मायदेशी परत पाठवा. त्यातल्या कित्येकांना मात्र परतण्याचीच भीती वाटत होती. सोव्हिएत बाजूने आंद्रेई विशिन्स्की हा निष्णात वकील उभा राहिला. त्याच्यासमोर एलिनॉर हाती टिपण न घेता बोलली आणि मतदान तिच्या बाजूने झालं.

मग मानवी हक्कांच्या आयोगाची ती अध्यक्ष झाली. इथे दोन जगांची टक्कर रोजचीच. अमेरिकेचा भर भाषण, मतदान, धर्म यांच्या स्वातंत्र्यावर. रशिया म्हणे, आधी काम, भाकरी, औषधपाणी. शिवाय अमेरिकेतल्या काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर सोव्हिएत प्रतिनिधी वारंवार बोट ठेवत. ते खोटं नाही, हे एलिनॉर जाणून होती. १९३९ मध्ये काळ्या गायिकेला, मेरियन अँडरसनला सभागृह नाकारलं म्हणून तिने एका प्रतिष्ठित महिला संघटनेचा राजीनामा दिला होता. तिचं वेगळेपण इथेच आहे. समोरच्याचा मुद्दा खरा असेल तर तो शत्रूचा आहे म्हणून ती झटकत नसे. जाहीरनाम्यात दोन्ही तऱ्हेचे हक्क आले.

याच आयोगात भारताच्या हंसाबेन मेहता होत्या, मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या. पहिल्या कलमातली इंग्रजी शब्दयोजना फक्त पुरुषांचीच वाटते, असा आग्रह त्यांनी धरला आणि तिथे सर्व माणसं असा शब्द आला. १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये जाहीरनामा संमत झाला. बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ आठ. तटस्थांत रशिया आणि त्याचे सोबती देश होते. तेव्हा बर्लिनची रशियाने नाकेबंदी केली होती. दोन गट पडत असतानाही एवढं हाती लागलं, हे थोडं नव्हे.

पुढे १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ती भारतात आली. नवा स्वतंत्र देश कुठल्याच गटात का जात नाही, हे तिने इथे येऊन समजून घेतलं. १९५७ मध्ये ती थेट रशियात गेली. याल्टाला ख्रुश्चेव्हशी निःशस्त्रीकरणावर तिचा मोठा वाद झाला. मॉस्कोत तिने पावलिचेन्कोचं छोटंसं घर शोधून काढलं. सोबत सरकारी माणूस असल्याने बोलणं जुजबीच चाललं. सांगतात की, काहीतरी निमित्त काढून पावलिचेन्कोने तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि हसत-रडत गळ्यात पडली. पंधरा वर्षांत दोन देशांची मैत्री पार विझली होती. या दोघींची शिल्लक होती, पण ती दाराआड.

१९६२च्या ऑक्टोबरात क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून हे दोन देश अणुयुद्धाच्या काठावर आले, तेव्हा एलिनॉर अंथरुणाला खिळली होती. संकट टळलं आणि ७ नोव्हेंबरला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने डोळे मिटले.

समान शत्रू माणसांना एकत्र आणतो, पण त्यांच्यात विश्वास निर्माण करत नाही. तो ज्याचा त्याने, पूर असतानाच, थोडा थोडा कमवायचा असतो. तो नसला तर शत्रू गेल्याबरोबर हाती उरतो तो फक्त कुणी किती सोसलं याचा हिशेब. एलिनॉरला देशांचं वैर थांबवता आलं नाही. पण भांडण ठणकावून करायचं आणि तरीही बोलणं तोडायचं नाही, हे तिने शेवटपर्यंत जमवलं. घरातही आणि जगातही.