विश्लेषण : विश्वासराव पेशवे कोण होते? १८ वर्षांच्या वारसाला पानिपतावर का पाठवले?

विश्वास पानिपतात गेला, असे आपण आजही सहज म्हणतो. या वाक्यातला विश्वास हा खराखुरा मुलगा होता.

विश्वासराव कोण होते?
विश्वासराव हे नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे थोरले चिरंजीव. जन्म १७४२चा. पेशवाईची गादी पुढे त्यांच्याकडेच जाणार होती.

मोहिमेवर का पाठवले?
फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला. त्यानंतर अहमदशहा अब्दालीला रोखण्यासाठी उत्तरेत फौज निघाली. सेनापतीपद नावाला विश्वासरावांकडे, प्रत्यक्ष सूत्रे सदाशिवरावभाऊंकडे. पेशव्यांचा वारस सोबत असला की शिंदे-होळकरांसारखे सरदार एका झेंड्याखाली राहतील, हा त्यामागचा हिशेब. बायझेंटाइन सम्राटही लहान मुलांना सहसम्राट करत, ते असेच घराण्याचा हक्क पक्का करण्यासाठी.

पेणकरपाड्याजवळचा धागा कोणता?
पेणकरपाड्यापासून काही किलोमीटरवर वसईची खाडी आहे. पलीकडचा वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. भाऊ हे त्याच चिमाजीअप्पांचे पुत्र, म्हणजे विश्वासरावांचे चुलत काका.

दिल्लीत काय घडले?
ऑगस्ट १७६०मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. विश्वासरावांना दिल्लीच्या तख्तावर बसवणार, अशी चर्चा उठली. प्रत्यक्षात भाऊंनी शाहआलमला बादशहा जाहीर केले.

१४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले?
ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकले. पण अब्दाली यमुना ओलांडून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. रसद तुटली, माणसे-जनावरे उपाशी राहू लागली. अखेर संक्रांतीच्या दिवसांत लढाईला तोंड फुटले. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी मराठ्यांची बाजू वरचढ ठेवली. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. शुजाउद्दौलाच्या मध्यस्थीने विश्वासरावांवर अंत्यसंस्कार झाले.

पुढे काय?
२३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले. धाकटे माधवराव १६व्या वर्षी पेशवे झाले आणि त्यांनी राज्य सावरले.

मग चूक कुणाची?
वारसाच्या नावावर फौज एकत्र राहिली, हे खरे. पण तोच वारस पडला तेव्हा ती एका दुपारीत विखुरली. १८ वर्षांच्या मुलाच्या जिवावर एवढे मोठे ओझे होते.