शेजारच्या खोलीतली डोरोथी

मराठी व्याकरणाचा इतिहास शिकवताना दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मी फळ्यावर एक ओळ लिहितो : विल्यम कॅरी, सेरामपूर, १८०५. मुले मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. बंगाली माणूस त्या गावाला श्रीरामपूर म्हणतो असे सांगितले की ते नगरकडचे श्रीरामपूर का, असा प्रश्न मागच्या बाकावरून हमखास येतो. मग मी सांगतो की नव्हे, कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठी वसलेले, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेले ते गाव. एवढे झाले की आम्ही पुढे दादोबा पांडुरंगांकडे वळतो. कॅरी त्या एका ओळीतच राहतो. वीस वर्षे मीही त्याला तिथेच ठेवले होते.

आमच्या स्टाफरूममध्ये मराठीचे आणि कन्नडचे टेबल शेजारीशेजारी आहे. एकदा कन्नडच्या प्राध्यापकांनी बोलता बोलता सांगितले की १८१७ साली इंग्रजीतून कन्नडचे व्याकरण छापणारा कॅरी त्यांनाही शिकवावा लागतो. मला गंमत वाटली आणि थोडी लाजही. ज्याने आमची दोन्ही टेबले एकट्याने सांभाळली त्या माणसाविषयी मला सनावळीपलीकडे काही ठाऊक नव्हते. म्हणून त्याची चरित्रे मिळवून वाचायला बसलो. ग्रंथांची हकीकत वाचायला मिळेल अशी अपेक्षा होती. मिळाले ते एक घर. त्या घराविषयीच लिहितो.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सप्युरी या खेड्यातला. बाप आधी विणकर, नंतर गावचा शाळामास्तर. पोराला उन्हाने अंगावर पुरळ उठे म्हणून शेतीऐवजी चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. १७८१ साली, विसाव्या वर्षाच्या आतच, त्याने डोरोथी प्लॅकेटशी लग्न केले. ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली आहे, कारण तिला लिहिता येत नव्हते. जोडे शिवता शिवता हा नवरा लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकत होता. भिंतीवर हाताने काढलेला जगाचा नकाशा लावून कोणत्या देशात किती लोक, कोणता धर्म, हे त्यात भरत होता. पुढे तो बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. पगार इतका तुटपुंजा की शाळा आणि जोडे दोन्ही सुटले नाहीत. दोन मुली लहानपणीच गेल्या. फेलिक्स, विल्यम आणि पीटर हे तीन मुलगे राहिले.

परदेशी जाऊन धर्मप्रसार केला पाहिजे असे पुस्तक कॅरीने १७९२ साली छापले आणि त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला केटरिंग गावात एका विधवेच्या दिवाणखान्यात मिशनरी मंडळी स्थापन झाली. पहिली वर्गणी जमली ती १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स. जॉन थॉमस नावाचा एक डॉक्टर बंगालमध्ये राहून आलेला होता. त्याच्याबरोबर कॅरीने जायचे ठरले. डोरोथीला कोणी विचारले होते, असे मात्र त्या हकिकतीत कुठे जाणवत नाही.

तिने नकार दिला. ती गरोदर होती आणि आपल्या गावापासून चार कोसांपलीकडचे जग तिने फारसे पाहिलेही नव्हते. मग कॅरी सात-आठ वर्षांच्या फेलिक्सला घेऊन एकटाच निघाला. परंतु कंपनी सरकारचा परवाना नाही आणि थॉमसमागे सावकारांचा तगादा, या कारणांनी जहाजाने त्यांना आइल ऑफ वाइट बेटाजवळ उतरवून दिले. हा घोळ झाला नसता तर डोरोथी कदाचित आपल्या माहेरच्या अंगणातच म्हातारी झाली असती. दुसरे जहाज मिळेपर्यंत तिला चौथा मुलगा झाला, जाबेझ. बाप आणि थॉमस पुन्हा दारात उभे राहिले. तिने पुन्हा नाही म्हटले. दोघे परत फिरले. वाटेतून थॉमस मागे आला आणि त्याने तिला बजावले की आता आली नाहीस तर हे कुटुंब कायमचे विखुरले जाईल आणि जन्मभर पस्तावशील. तेव्हा धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, असे ती म्हणाली. घरचे जे विकता आले ते घाईघाईने विकून, महिन्याभराचे पोर मांडीवर घेऊन, १३ जून १७९३ ला ती डोव्हरच्या बंदरातून डॅनिश जहाजात बसली. जमीन दिसली ती नोव्हेंबरात, कलकत्त्याला.

पैसा थॉमसच्या हाती होता आणि तो थोड्याच दिवसांत संपला. कलकत्त्याच्या बाहेर एका बंगाली गृहस्थाने दिलेल्या बागेतल्या घरात सात माणसे राहिली. डोरोथीला आणि फेलिक्सला रक्ताची हगवण लागली. तिथून १७९४ च्या आरंभी सुंदरबनाच्या कडेला देभट्ट्याला, जिथे वाघाच्या भीतीने लोकांनी गाव सोडलेले. तिथे मिठाच्या खात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना थारा दिला आणि किटीने त्याच्याशीच लग्न केले. ज्या बहिणीच्या भरवशावर डोरोथी आली होती ती अशी तिच्या हातून सुटली. किटीला दोष देता येत नाही.

मग मदनाबाटीचा निळीचा कारखाना. देखरेखीचा पगार महिना २०० रुपये, निळीचा हंगाम वर्षातून काही महिन्यांचा, उरलेल्या वेळात मुन्शी रामराम बसूंपाशी बंगाली आणि पुढे संस्कृत. कॅरीच्या दृष्टीने ही सोय चांगली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. बाप स्वतः तापात. शवपेटी करायला कोणी मिळेना, खांदा द्यायला कोणी येईना. आपल्याकडच्या जातपातीच्या भिंती त्या दिवशी त्या परक्या आईबापांना कशा भासल्या असतील, याचा विचार आपण करावा असे मला वाटते. अखेर काही मुसलमान मंडळींनी पुढे होऊन थडगे खणले.

त्यानंतर डोरोथीचे मन ढळले. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत असा ग्रह तिने घेतला. तो निघाला की ती त्याच्यामागे रस्त्याने जाई, चारचौघांत नाही नाही ते बोले. एकदोनदा जिवावरही उठली. १७९५ पासून तिला कोंडून ठेवण्याची वेळ वारंवार येऊ लागली. अशा स्थितीत १७९६ मध्ये पाचवा मुलगा जोनाथन जन्मला. ही ओळ मी चरित्रात वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. कलकत्त्याच्या वेड्यांच्या रुग्णालयात ठेवा, असे कॅरीला सुचवले गेले. तिथे हाल होतील म्हणून त्याने ते ऐकले नाही आणि तिला घरीच ठेवले. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे.

१७९९ च्या शेवटी विल्यम वॉर्ड हा छापखानेवाला आणि जोशुआ व हॅना मार्शमन हे शिक्षक जोडपे इंग्लंडहून आले. कंपनीच्या मुलखात त्यांना परवानगी मिळेना, म्हणून सगळे १८०० च्या जानेवारीत डॅनिश सेरामपूरला एकत्र झाले. हुगळीकाठचे एक मोठे घर घेतले आणि एका चुलीवर सगळी कुटुंबे जेवू लागली. मिळकत एका पेटीत, खर्च त्याच पेटीतून. घरकारभार पाळीपाळीने आणि शनिवारी सायंकाळी बसून आठवड्याभराचे रुसवेफुगवे मिटवायचे. आपल्या एकत्र कुटुंबात ही शनिवारची बैठक असती तर कितीतरी वाटण्या वाचल्या असत्या! हॅना मार्शमनने त्याच वर्षी मुलांची वसतिशाळा काढली आणि तिच्या कमाईवर घर मोठ्या प्रमाणात चालले. इतिहासात सेरामपूरचे त्रिकूट म्हणून तीन पुरुषांची नावे घेतात. खरे तर हॅनाचे चौथे घ्यायला हवे. कॅरीची मुले तोवर रानोमाळ वाढलेली, आई असून नसल्यासारखी, बाप पोथ्यांत. त्यांना वळण लावले ते वॉर्ड आणि हॅना यांनी.

त्या वर्षीचा २८ डिसेंबर मला विसरता येत नाही. सात वर्षांच्या खटपटीनंतर पहिला बंगाली माणूस ख्रिस्ती होण्यास तयार झाला होता, कृष्ण पाल नावाचा सुतार. त्याचा निखळलेला खांदा थॉमसने बसवला होता. हुगळीच्या पाण्यात कॅरीने आधी फेलिक्सला आणि मग कृष्ण पालला बाप्तिस्मा दिला. घाटावर गर्दी होती, गव्हर्नर हजर होता. आनंदाच्या भरात थॉमसचे डोके फिरले होते आणि त्याला एका खोलीत बंद केले होते. दुसऱ्या खोलीत डोरोथी होती. दोघांच्या किंकाळ्या घाटापर्यंत ऐकू येत होत्या आणि त्या दबाव्यात म्हणून जमलेले लोक मोठ्याने भजन म्हणत होते.

पुढची सात वर्षे डोरोथी बहुतेक बंद खोलीतच होती. शेजारच्या खोलीत कॅरी लिहीत होता. बंगाली नवा करार १८०१ मध्ये निघाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याला बंगाली शिकवण्याची नोकरी लागली, आधी महिना ५०० आणि पुढे १००० रुपये. हे सारे त्या सामाईक पेटीत गेले. मंगळवारी होडीने कलकत्त्याला जायचे आणि शुक्रवारी परत यायचे. बंगालीच्या जोडीला संस्कृत आणि मराठी आले. कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने मराठी व्याकरण रचले आणि प्रस्तावनेत त्यांचे ऋण मानले. मराठीचे छापील व्याकरण त्याआधी १७७८ मध्ये रोमला निघाले होते, पण ते पोर्तुगीज भाषेत. इंग्रजीत हे पहिले. १८१० मध्ये मोडी अक्षरांचे खिळे वापरून कोश निघाला. वैजनाथांनी पुढे सिंहासनबत्तिशी वगैरे पुस्तके मराठीत केली, ती सेरामपूरला छापली गेली. सह्याद्रीपासून इतक्या लांब, नदीकाठच्या त्या घरात आमची अक्षरे शिशात ओतली जात होती आणि भिंतीपलीकडे एक बाई ओरडत होती. माझ्या फळ्यावरच्या १८०५ मध्ये हेही आहे, हे मला आता कळते.

डोरोथी ८ डिसेंबर १८०७ ला तापाने वारली. पाच महिन्यांनी कॅरीने शार्लट रूमोर या सेरामपुरातच राहणाऱ्या पंगू स्त्रीशी लग्न केले. सहकाऱ्यांना ही घाई आवडली नाही. पण शार्लट शिकलेली होती, भाषा जाणत होती, त्याच्या कामात बुडून जाई. १८२१ मध्ये ती जाईपर्यंतची तेरा वर्षे त्याच्या घरात शांततेची गेली. तिसरे लग्नही झाले, ग्रेस ह्यूजशी.

११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. कॅरी कलकत्त्याला होता. मार्शमन दुसऱ्या दिवशी स्वतः सांगायला गेला. कन्नड नव्या कराराचे सारे हस्तलिखित, तेलुगु व्याकरण, अनेक भाषांच्या महाकोशाचे कागद, सगळे जळाले. अक्षरे ओतायचे साचे राखेत सापडले, यंत्रे वाचली आणि काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. पन्नाशीच्या माणसाने जळलेले पुन्हा पहिल्या शब्दापासून लिहायला घेतले. पाच वर्षांनी निघालेले कन्नड व्याकरण हाती घेतो तेव्हा मला ही आग आठवते.

फेलिक्सचे मात्र काही केल्या बसेना. १८०७ मध्ये तो ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये इरावती नदीत होडी उलटून त्याची बायको आणि मुले बुडाली, बरोबरचे छपाईचे साहित्यही गेले. मग ब्रह्मी राजाचा वकील बनून तो थाटामाटाने कलकत्त्याला आला, तेव्हा बापाला वाईट वाटले की पोराची पायरी उतरली. पुढे ते पदही गेले आणि तो भटकत राहिला. १८१८ मध्ये परत येऊन त्याने बंगालीत शरीरशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आणि १८२२ मध्ये वारला. सात-आठ वर्षांचा असताना त्याला आईपासून तोडून जहाजावर नेले होते, हे मी सोडून देऊ शकत नाही.

कॅरीला माणसांच्या खालोखाल झाडांचे वेड. सेरामपूरला त्याची पाच एकरांची बाग होती. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतली माती त्याने एका कोपऱ्यात झटकली, तर तिथे गावाकडची डेझी उगवली. तेव्हा हा कठोर माणूस पोरासारखा हरखला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने एका भारतीय झाडाला त्याचे नाव दिले, करेया आर्बोरिया. आपल्या सह्याद्रीच्या रानात त्यालाच कुंभा म्हणतात. सतीबंदीचा कायदा डिसेंबर १८२९ मध्ये आला तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर त्याच्याकडे सोपवले गेले. रविवार होता. त्याने उपदेशाला दुसऱ्याला पाठवले आणि स्वतः भाषांतर करत बसला, कारण एका दिवसाच्या उशिरात काही बायका जळाल्या असत्या. परक्या बायकांसाठी ही तळमळ आणि स्वतःच्या बायकोला आणले ते तसे. या दोन गोष्टींची सांगड मला अजून घालता आलेली नाही.

९ जून १८३४ ला तो गेला. मृत्युपत्रात वाटायला फारसे काही नव्हते. पुस्तके विकून जाबेझला १५०० रुपये द्यावे, संग्रह सेरामपूरच्या कॉलेजला द्यावा, थडग्यावर थाटाचे काही लिहू नये. आणि पुरावे ते दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले होते. तसेच केले गेले. डोरोथीही सेरामपूरच्याच मातीत आहे.