इंधनाच्या थेंबाला शिस्त लावणारा कारागीर

बुलडाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा आणि मेहकर परिसरात आता भरधाव मोटारी धावतात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर नांगरणी करीत असतात. एका यंत्राची किंमत दुसऱ्याच्या अनेक पट असली, तरी दोघांचीही गती एकाच छोट्या अवयवावर अवलंबून आहे. टाकीतील इंधन योग्य क्षणी, योग्य मापाने आणि योग्य दाबाने इंजिनापर्यंत पोहोचवणारा पंप थांबला की यंत्र जागच्या जागी उभे राहते. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर असा बंद पडला, तर त्या एका दिवसाची किंमत शेतकऱ्यालाच ठाऊक असते. डिझेलच्या पंपाला विश्वासार्ह रूप देऊन तो जगभर पोहोचवणाऱ्या माणसाचे नाव रॉबर्ट बॉश. त्यांचे नाव आज कंपनीचे नाव म्हणून सर्वांना परिचित आहे. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा परिचित नाही.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या गावी झाला. बारा भावंडांमध्ये ते अकरावे. वडिलांची शेती होती आणि गावात पांथस्थांसाठी खानावळही होती. घरात सुबत्ता होती, वाचनाची आवड होती. रॉबर्ट यांना वनस्पती आणि प्राणी यांचे वेड होते. परंतु वडिलांच्या सल्ल्याने त्यांनी उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी पत्करली. तेथील मालकाने शिकवण्याकडे दुर्लक्षच केले. हा अनुभव त्यांच्या मनात कायमचा रुतून बसला. पुढे स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांच्या प्रशिक्षणाकडे त्यांनी जातीने लक्ष दिले, त्याचे मूळ या कटू आठवणीत होते.

उमेदवारीनंतरची काही वर्षे भटकंतीची गेली. 1884 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि थॉमस एडिसन यांच्या यंत्रशाळेत त्यांनी काम केले. तेथून ते इंग्लंडला गेले व सीमेन्सच्या कारखान्यात राबले. विजेच्या युगाचा उदय त्यांनी असा प्रत्यक्ष हाताने अनुभवला. 15 नोव्हेंबर 1886 रोजी श्टुटगार्ट येथे त्यांनी सूक्ष्म यंत्रकाम आणि विद्युतकामाची छोटी कार्यशाळा उघडली. सोबतीला एक कारागीर आणि एक पोऱ्या, एवढाच परिवार होता. दूरध्वनीची जोडणी, विजेच्या घंटा, जे काम येईल ते ते करीत. उत्पन्न बेताचे होते आणि बँकेचे कर्ज कायम मानेवर होते.

भाग्य उघडले ते एका गिऱ्हाइकाच्या मागणीमुळे. 1887 मध्ये त्याने स्थिर इंजिनासाठी ठिणगी पाडणारे मॅग्नेटो हे उपकरण बनवून मागितले. डॉइट्स कंपनीच्या इंजिनावर तसे उपकरण होते. त्यावर पेटंट नसल्याची खात्री करून बॉश यांनी ते बनवले आणि त्यात सुधारणाही केल्या. 1897 मध्ये त्यांच्या कार्यशाळेने हे उपकरण वेगाने फिरणाऱ्या मोटारीच्या इंजिनाला बसवले. त्या काळात वाहनांच्या इंजिनात ठिणगी पाडणे हीच सर्वांत मोठी डोकेदुखी होती. 1902 मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचे मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. मग मागे वळून पाहण्याची वेळ आली नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच बॉश यांचे मॅग्नेटो अनेक देशांत पोहोचले होते.

पैसा येऊ लागला, तसा त्यांचा स्वभाव अधिकच ठळक झाला. 1906 मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला. ही सवलत देताना दमलेल्या हाताकडून अचूक काम होत नाही, हा कारागिराचा हिशेबही त्यांच्या डोक्यात होता. तरीही 1913 मध्ये त्यांच्या कारखान्यात संप झालाच, आणि तो त्यांना जिव्हारी लागला. महायुद्धात कारखान्याला शस्त्रसामग्रीची कंत्राटे मिळाली. रक्तपाताच्या बाजारातून आलेला हा नफा त्यांना पचेना. त्यातून त्यांनी लक्षावधी मार्क सार्वजनिक कामांसाठी देऊन टाकले. 1921 मध्ये त्यांचा तरुण मुलगा रॉबर्ट दीर्घ आजाराने गेला. ज्याच्या हाती व्यवसाय सोपवायचा, तोच राहिला नाही.

अशा मनःस्थितीत त्यांनी आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय घेतला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा पडताच ते पेटते. हे इंजिन ट्रकमध्ये रुजले, तर बॉश यांच्या साम्राज्याचा पाया असलेले मॅग्नेटोच निरुपयोगी ठरणार होते. धोका ओळखून 1922 च्या अखेरीस त्यांनी डिझेलचा पंप स्वतःच बनवण्याचे ठरवले. हे काम सोपे नव्हते. दंडगोलात वरखाली होणारा दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. फट थोडी जास्त झाली तर दाब गळतो, कमी झाली तर दट्ट्या अडकतो. शिवाय इंजिनाच्या प्रत्येक फेरीला इंधनाचा थेंब ठरावीक क्षणीच पडला पाहिजे. अनेक आराखडे तपासल्यावर 1927 मध्ये या पंपाचे कारखानी उत्पादन सुरू झाले. प्रथम ट्रक, मग ट्रॅक्टर आणि 1936 मध्ये मर्सिडीझची डिझेल मोटार, असा त्याचा प्रवास झाला.

पंप विकून जबाबदारी संपते, असे बॉश यांनी कधीच मानले नाही. बिघाड नेमका कोठे आहे हे ओळखणाऱ्या प्रशिक्षित कारागिरांची दुरुस्ती केंद्रे त्यांच्या कंपनीने 1921 पासून उभारण्यास सुरुवात केली. तपासणीची ती पद्धत आजही गावोगावच्या मेकॅनिकच्या हातांत दिसते. ट्रॅक्टर चालू होईना, तर जाणता मेकॅनिक लगेच पंप उतरवत नाही. टाकीत डिझेल आहे का, त्यात पाणी उतरले आहे का, फिल्टर चोंदला आहे का, हे तो आधी पाहतो. मग स्क्रू सैल करून हाताच्या पंपाने नळीत अडकलेली हवा काढतो. इंजिन चालू असूनही अडखळत असेल, तर एकेका नोझलच्या नळीची जोडणी थोडी सैल करून बघतो. जी सैल केल्यावरही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, त्या सिलिंडरमध्ये दोष असतो. एवढे झाल्यावरच पंप चाचणीच्या बाकावर जातो.

पेट्रोलच्या वेगवान मोटारींपर्यंत ही विद्या बॉश यांच्या मृत्यूनंतर पोहोचली. 1954 मध्ये आलेल्या मर्सिडीझ 300 एसएल या प्रसिद्ध मोटारीला बॉशचाच इंजेक्शन पंप होता. पुढे विजेवर चालणारे पंप आले, तरी निदानाचा क्रम बदलला नाही. बहुतेक अशा मोटारींत किल्ली फिरवताच पंपाची बारीक घरघर क्षणभर ऐकू येते. ती आली नाही, तर प्रथम फ्यूज आणि रिले तपासायचे, मग पंपापर्यंत वीज पोहोचते का ते पाहायचे. वीज पोहोचत असूनही पंप मुका असेल, तरच तो दोषी. घरघर येत असेल आणि इंजिन तरीही दम तोडत असेल, तर दाबमापक लावून फिल्टर आणि नळ्या पाहायच्या. पंप बदलताना आधी नळीतील दाब सोडायचा, बॅटरी काढायची, फिल्टरही नवा घालायचा आणि शेवटी गळती तपासायची. यातली एकही पायरी गाळली, तर महागडा नवा पंपही बसवल्या जागी निकामी ठरतो.

बॉश यांच्या अखेरच्या वर्षांवर काळी छाया होती. नाझी राजवटीचा त्यांना तिटकारा होता. राजवटीचे विरोधक कार्ल गोर्डेलर यांना त्यांनी 1937 मध्ये कंपनीत सल्लागार म्हणून आश्रय दिला, छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली. त्याच वेळी त्यांचे कारखाने युद्धसामग्री बनवीत राहिले, आणि युद्धकाळात तेथे सक्तीने आणलेल्या हजारो मजुरांना राबवले गेले. हा विरोधाभास त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. 12 मार्च 1942 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांचा त्यांनी द्वेष केला त्याच सत्ताधाऱ्यांनी त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला. गोर्डेलर यांना 1945 मध्ये फाशी देण्यात आली.

बॉश यांच्या इच्छेनुसार कंपनीचा बहुतांश मालकी हक्क पुढे धर्मादाय संस्थेकडे गेला आणि नफ्यातून रुग्णालय, शिक्षण व संशोधन यांना बळ मिळाले. भारतात 1951 मध्ये बंगळुरूला मायको ही कंपनी स्थापन झाली. 2008 मध्ये तिचे नाव बॉश झाले. नाशिकच्या सातपूर भागात तिचा कारखाना उभा राहिला आणि त्या शहरातला मायको सर्कल हा चौक जुन्या नावाची आठवण जपून आहे. ग्राहकाचा विश्वास गमावण्यापेक्षा पैसा गमावलेला बरा, अशी बॉश यांची धारणा होती. सोयाबीन काढणीच्या हंगामात बंद पडलेल्या मळणीयंत्रासमोर उभा असलेला मेकॅनिक पंपाला हात लावण्याआधी फिल्टर तपासतो, तेव्हा त्या धारणेचाच प्रत्यय येतो.