इंजिनियर व्हावयाचें तें कशासाठीं?

ठाण्याच्या उत्तरेस खाडीकांठीं वसलेल्या कोलशेत गांवांत ज्यानें एक फेरी मारली असेल, त्याला इमारतीचें काम म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. येथील रेतीबंदर बांधकामवाल्यांच्या परिचयाचें आहे. आणि जेथें एके काळीं भाताचीं शेतें होतीं, तेथें आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. अशा ठिकाणच्या पालकांनीं आपल्या मुलास स्थापत्याच्या शिक्षणास घालावें कीं काय याचा विचार करावा हें स्वाभाविकच होय. परंतु हा विचार बहुधा एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबतो, आणि तो म्हणजे पगार किती मिळेल! शेजाऱ्याचा मुलगा संगणकाच्या कामांत अधिक मिळवितो असें दिसलें कीं स्थापत्याचें नांव मागें पडतें. पोटाचा प्रश्न कोणासही सुटलेला नाहीं हें आम्ही जाणतों. पण त्या एकाच मापानें हा धंदा मोजणाऱ्यांनीं सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचें चरित्र एकवार डोळ्यांपुढें आणावें अशी आमची विनंती आहे.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी या खेड्यांत झाला. वडील संस्कृतचे जाणकार, परंतु घरची स्थिति बेताची. शिवाय पितृछत्र लहानपणींच हरपलें. बंगळूर येथें शिकवण्या करून त्यांनीं १८८१ सालीं बी. ए. ची पदवी मिळविली. पुढें म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले आणि १८८३ सालीं एल. सी. ई. च्या परीक्षेंत पहिले आले. त्याबद्दल त्यांस जें पारितोषिक मिळालें तें जेम्स बर्कले यांच्या नांवाचें होतें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास जी पहिली आगगाडी धांवली, तिचा मार्ग बांधणारे मुख्य इंजिनियर तेच बर्कले. म्हणजे ज्या लोहमार्गानें ठाण्याचें भाग्य उघडलें, त्याच्या कर्त्याच्या नांवाचा मान एका गरीब देशी विद्यार्थ्यानें केवळ बुद्धीच्या बळावर पटकाविला.

१८८४ सालीं ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत शिरले. खानदेशांत पांझरा नदीच्या पात्राखालून नळ नेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. पावसाळा सुरू झाला, पुरानें अडचणी वाढल्या, म्हणून काम पुढें ढकलावें असें त्यांनीं वर कळविलें. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. तेव्हां तरुण विश्वेश्वरय्या यांनीं रुसून न बसतां काम पुन्हा हातीं घेतलें व तडीस नेलें. पदवीचा कागद कॉलेजांत मिळतो, पण इंजिनियर घडतो तो चिखलांत उभा राहून.

पुढें सिंधमध्यें सक्कर शहराच्या पाण्याची योजना त्यांच्याकडे आली. सिंधूचें पाणी गढूळ, आणि गाळण्याच्या यंत्रणेचा खर्च शहरास न पेलणारा. त्यांनीं नदीच्या पात्रांतच विहीर खणून वाळूंतून झिरपलेलें स्वच्छ पाणी घेण्याची युक्ति काढली. रेती ही केवळ ब्रासाच्या भावानें विकण्याची वस्तु नव्हे हें आमच्या व्यापारी वाचकांनीं येथें ध्यानांत घ्यावें.

पुण्यास आल्यावर न्यायमूर्ति रानडे व गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांस लाभला. कालव्याचें पाणी थोड्या बागायतदारांच्या उसांत जिरून जाऊं नये, पिकांची पाळी लावून तें अधिक गांवांस पोंचावें, यासाठीं त्यांनीं गटवार पाणीवांटपाची पद्धत घातली. ज्यांना पाणी मुबलक मिळत होतें त्यांना ती प्रथम जाचली. पण न्याय्य वांटणी नेहमींच कोणास तरी जाचते! १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं आपोआप उघडमिट करणारे दरवाजे बसविले व भिंत न वाढवितां पाण्याचा सांठा वाढविला.

एवढें कर्तृत्व असूनही परकीय सरकारच्या खात्यांत मुख्य इंजिनियराची जागा देशी माणसाच्या वांट्यास येण्याची आशा नव्हती. हें ओळखून १९०८ च्या सुमारास त्यांनीं ती नोकरी सोडली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मुसी नदीच्या महापुरानें हैदराबादेंत हजारों माणसें बुडालीं. पूर अडविण्यासाठीं वरच्या बाजूस तलाव बांधण्याची योजना त्यांनीं निजाम सरकारास दिली. १९०९ सालीं ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले. १९११ सालीं कावेरीवरील कृष्णराजसागराचें काम सुरू झालें. १९१२ ते १९१८ पर्यंत ते दिवाण होते. म्हैसूरची बँक, १९१६ चें विद्यापीठ व १९१७ चें बंगळूरचें इंजिनियरिंग कॉलेज हीं त्या काळाचीं फळें. एका शिष्यवृत्तीचें ऋण त्यांनीं असें फेडलें. १९५५ सालीं त्यांस भारतरत्न पदवी मिळाली व १९६२ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, हा देशभर इंजिनियरांचा दिवस म्हणून पाळला जातो.

परंतु हारतुऱ्यांनीं ऋण फिटत नाहीं. आज परकीयांची आडकाठी उरलेली नाहीं. उरली आहे ती आपलीच. बांधकामांत सिमेंट कमी पडलें तरी चालेल, पण भाव कमी पाहिजे, असा आग्रह धरणारा व्यापारी आणि न पाहिलेल्या कामावर सही करणारा इंजिनियर हे दोघे मिळून ज्या भिंती उभारतात, त्यांखालीं दुसऱ्यांचीं मुलें निजतात. मुलगा असो वा मुलगी, ज्याला गणिताची आवड, उन्हांत उभें राहण्याची तयारी आणि खोट्या कागदावर सही न करण्याचें धैर्य आहे, त्याला पालकांनीं खुशाल या धंद्यास घालावें. मात्र घालतांना त्याला पगाराचा आंकडा सांगण्यापूर्वीं हें चरित्र सांगावें. आणि उद्यां तो आपल्याच इमारतीच्या कामावर उभा राहून हें काम कच्चें आहे असें म्हणाला, तर त्याच्यावर रागावूं नये. त्याच्या पाठीशीं उभें राहावें. कोलशेतच्या खाडीकांठीं नव्या इमारतींची वाण नाहीं. त्यांच्या पायाशीं असा एक माणूस पाहिजे.